विमानतळावरून मुक्कामी: गाडी आधी ठरवायची ती कशी

तायांनो, हा धडा लिहायला मला आठ महिने लागले. कारण यात चूक माझी आहे.

दरवर्षी १४ ते २७ नोव्हेंबरला दिल्लीत प्रगती मैदानावर आंतरराष्ट्रीय व्यापार मेळा भरतो. त्यात ग्रामीण महिलांच्या मालाचा सरस विभाग असतो, हे तुम्हाला माहीत आहेच. गेल्या वेळी आपल्या प्रभागसंघाचा माल आधी रेल्वेनं गेला, दोन ताया मालाबरोबर गेल्या आणि दुसऱ्या दोघींचं रेल्वेचं तिकीट शेवटपर्यंत वेटिंगवरच राहिलं. मग बैठकीत ठरवून त्या दोघींना नागपूरहून विमानानं पाठवलं. दोघींचाही पहिलाच विमानप्रवास. त्यांचं तिकीट मी काढलं, दिल्लीत विमानतळावरून मुक्कामाच्या जागेपर्यंतची गाडीही मीच फोनवरून ठरवली. भाडं १,२०० रुपये, त्यातले ३०० आगाऊ. गाडीवाल्यानं विचारलं, "कौन सा टर्मिनल?" मी सांगून टाकलं, "तीन." कॉलेजात असताना एकदा मी तिथंच उतरले होते, ते डोक्यात होतं. तिकिटावर बघितलंच नाही.

तिकिटावर बारीक अक्षरात टर्मिनल १ लिहिलेलं होतं.

रात्री साडेदहाला विमान उतरलं. गाडी टर्मिनल ३ ला, आपल्या ताया टर्मिनल १ ला. मधलं अंतर काही किलोमीटरचं. सामान घेऊन चालत जाण्यासारखं नाहीच. ड्रायव्हरचा फोन एकदा आला, तो भराभर हिंदी बोलला, ताईला कळलं नाही, आणि फोनची बॅटरी गेली. दुसरीच्या फोनवरून त्यांनी मला सात वेळा फोन केला. मी दिवसभराच्या दौऱ्यानं थकून झोपले होते, फोन सायलेंटवर. मग एक माणूस आला. "मॅडम, आपकी गाडी आ गई, चलिए," म्हणाला आणि पिशवी उचलून चालायलाही लागला. पिशवीमागे ताया गेल्या. मुक्कामी पोचल्यावर त्यानं २,८०० रुपये मागितले. पावती नाही, काही नाही. रात्रीचे बारा वाजलेले. दिले.

पापड-कुरडईच्या एका पाकिटामागे आपल्याला १२ रुपये सुटतात. हिशोब तुम्हीच करा. सव्वादोनशेच्या वर पाकिटं त्या एका गाडीत गेली. आणि आपले ३०० रुपये आगाऊ बुडाले ते वेगळेच, कारण ठरवलेला गाडीवाला तर टर्मिनल ३ ला बरोबर वेळेवर येऊन थांबला होता. त्याची काय चूक?

खरा प्रश्न पुढं आला. बैठकीत लेखापाल ताई म्हणाल्या, पावती नाही तर व्हाउचर कशाचं लावू? त्यांचंही बरोबर. ज्यांनी खिशातून दिले त्या ताई म्हणाल्या, आम्ही काय फिरायला गेलो होतो का? त्यांचंही बरोबर. दोन बैठका यावरच गेल्या. पुढचं शेवटी सांगते. आधी धडा.

गाडी आधी ठरवायची म्हणजे काय

विमानतळावर उतरल्यावर शहरात जायला साधारण चार वाटा असतात. दिल्लीचंच उदाहरण घेऊ, कारण आपल्याला तिथं पुन्हा जायचंच आहे.

एक, मेट्रो. टर्मिनल ३ पासून एअरपोर्ट एक्सप्रेस नावाची वेगळी मेट्रो सुटते, वीसेक मिनिटांत नवी दिल्ली स्टेशनला पोचवते. सगळ्यात स्वस्त आणि वाहतूक कोंडीची भीती नाही. प्रगती मैदानाला जायचं तर नवी दिल्लीला उतरून पिवळ्या लाइननं राजीव चौक, तिथून निळी लाइन. एक गोष्ट लक्षात ठेवा, मेट्रोच्या प्रगती मैदान स्टेशनाचं नाव बदललं आहे, आता पाटीवर 'सुप्रीम कोर्ट' दिसेल. तुम्ही प्रगती मैदान शोधत बसाल आणि गाडी पुढं निघून जाईल. टर्मिनल १ लाही मेट्रो आहे, पण ती वेगळी, मॅजेंटा लाइन. मेट्रो रात्रभर चालत नाही, आणि दोन ठिकाणी गाडी बदलायची, जिने, सरकते जिने, वर चार पिशव्या. दिवसा, हलकं सामान, सोबत एखादी माहीतगार, असं असेल तर मेट्रोसारखं सुख नाही. रात्री पहिल्यांदाच जाणाऱ्या बाईला मी मेट्रो सांगणार नाही.

दोन, प्रीपेड टॅक्सी. विमानतळावर दिल्ली ट्रॅफिक पोलिसांचं प्रीपेड काउंटर असतं. कुठं जायचं ते सांगायचं, पैसे तिथंच भरायचे, चिठ्ठी मिळते. आता हे नीट वाचा: ती चिठ्ठी ड्रायव्हरला गाडीत बसताना द्यायची नाही. मुक्कामी पोचल्यावर, सामान उतरवून झाल्यावर द्यायची. त्या चिठ्ठीवरच त्याला पैसे मिळतात, त्यामुळं चिठ्ठी तुमच्या हातात आहे तोवर तो तुम्हाला मध्येच उतरवणार नाही. त्या रात्री आपल्या तायांना हे काउंटर माहीत असतं तर पुढचं काहीच घडलं नसतं. मी सांगितलं नव्हतं.

तीन, ओला-उबरसारखं ॲप. भाडं आधी दिसतं, गाडीचा नंबर दिसतो, पावती फोनवर येते. पण त्याला इंटरनेट हवं, बॅटरी हवी, आणि गर्दीच्या वेळी भाडं वाढतं. रात्री ड्रायव्हर होकार देऊन मग रद्दही करतात.

चार, आधी ठरवलेली खासगी गाडी. घरून निघण्याआधीच एखाद्या ट्रॅव्हल्सवाल्याकडं किंवा ॲपवर गाडी सांगून ठेवायची, भाडं ठरवायचं, आणि ड्रायव्हर आपल्या नावाची पाटी घेऊन बाहेर उभा राहतो. लग्नाच्या गावी स्टेशनावर बैलगाडी न्यायला यायची ना, तसंच. ही थोडी महाग पडते. पण तिघी-चौघी असाल, रात्र असेल, सामान असेल, तर माणशी हिशोब करून बघा. चौघींत भागलं की फारसं महाग राहत नाही.

ठरवताना काय सांगायचं, काय विचारायचं

सगळ्यात आधी तिकीट समोर घेऊन बसा. पाठ आहे म्हणून सांगू नका, माझ्यासारखं.

तिकिटावर विमानाचा नंबर असतो, आधी कंपनीचा दोन खुणांचा कोड (अक्षरं, किंवा एक अक्षर आणि एक आकडा) आणि मग काही आकडे. तो गाडीवाल्याला द्यायचाच. कारण विमानाला उशीर झाला तर त्या नंबरावरून त्याला फोनवर कळतं आणि तो त्या हिशोबानं येतो. नंबर दिला नाही तर तो ठरल्या वेळी येऊन वाट बघून निघून जाईल. वेळ सांगताना विमान उतरण्याची सांगायची, नागपूरहून सुटण्याची नाही. हसू नका, ही चूक शिकलेली माणसंही करतात.

मग टर्मिनल. दिल्लीत तीन टर्मिनल आहेत. दोन आणि तीन एकमेकांच्या शेजारी, एक मात्र दूर. मुंबईतही तसंच, टर्मिनल १ सांताक्रूझ-विलेपार्ल्याच्या बाजूला आणि टर्मिनल २ अंधेरीकडं सहारला. कोणत्या कंपनीचं विमान कोणत्या टर्मिनलवर, हे बदलत राहतं. म्हणून मागच्या वेळी कुठं उतरलो होतो याला काही अर्थ नाही. तिकिटावर बघायचं, आणि निघण्याच्या आदल्या दिवशी कंपनीचा मेसेज आला असेल तर तोही बघायचा.

किती जणी आणि किती नग, हे सांगा. नुसतं "चौघी आहोत" म्हणू नका. दिल्लीतल्या बऱ्याच टॅक्सी सीएनजीवर चालतात आणि मागच्या डिकीत गॅसची टाकी बसवलेली असते. डिकी नावालाच. चौघी बसल्या आणि मिरचीची पोती मांडीवर, असं व्हायला नको. "डिकीत टाकी आहे का, वर कॅरिअर आहे का," हे विचारा. लागलं तर मोठी गाडी सांगा.

आता भाडं. नुसतं "कितना लोगे" विचारून थांबू नका. "सब मिलाके कितना?" असं विचारा. त्यात टोल धरला का, विमानतळाच्या पार्किंगचे पैसे कुणाचे, रात्रीचा जादा आकार आहे का, टॅक्स वेगळा लागणार का. आणि थांबण्याचे पैसे. विमान टेकलं म्हणजे आपण बाहेर आलो असं नसतं. विमान जागेवर लागेपर्यंत, उतरेपर्यंत, मग पट्ट्यावर सामान यायला, मग बायका म्हटल्यावर आधी बाथरूम, असा पाऊण तास सहज जातो. म्हणून "उतरल्यापासून किती वेळ फुकट थांबणार आणि त्यापुढं तासाला किती," हे विचारून घ्या. मुक्काम नोएडाला किंवा गुरुग्रामला असेल तर तेही आधीच सांगा. ती ठिकाणं दिल्लीला लागून असली तरी राज्य वेगळं, त्यामुळं टोल-टॅक्सचा हिशोब बदलू शकतो.

हे सगळं बोलून झालं की त्याला म्हणा, "भैया, यही बात व्हॉट्सॲप पे लिखके भेज दो." तारीख, वेळ, विमानाचा नंबर, टर्मिनल, कुठून कुठं, एकूण भाडं, आगाऊ किती, पावती मिळेल का. लिहून देत नसेल तर दुसरा बघा. गटात आपण पाच रुपयांची बचतसुद्धा पासबुकात चढवल्याशिवाय उठत नाही, मग इथं तोंडी का?

पैशाच्या बाबतीत

आगाऊ थोडेच द्या. पूर्ण भाडं आधी मागणाऱ्या अनोळखी माणसाला नाही म्हणा. ॲपवरून ठरवत असाल आणि तिथं पूर्ण पैसे भरायचा नियम असेल तर रद्द केल्यावर किती परत मिळतात ते वाचून मगच भरा. विमान रद्द झालं तर काय, हेही.

गुगलवर 'कस्टमर केअर' शोधून पहिला नंबर लावायचा नाही. त्यात बनावट नंबर पेरून ठेवलेले असतात. कंपनीच्या ॲपमध्ये जो नंबर आहे तोच खरा. कुणी म्हणालं, "पैसे परत पाठवतो, कोड स्कॅन करा आणि पिन टाका," तर फोन ठेवून द्या. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन लागतो तो द्यायलाच. आपल्या बँक सखीनं हे शंभरदा सांगितलं आहे, तरी परक्या शहरात घाईत विसरायला होतं. फसवणूक झालीच तर लगेच १९३० ला फोन करा. जितका उशीर तितके पैसे हातचे जातात.

उतरल्यावर

विमान थांबलं की फोनचा विमान मोड बंद करा. हे विसरल्यामुळं अर्ध्या जणींना फोन लागत नाही आणि मग वाटतं नेटवर्कच नाही. ड्रायव्हरला पहिला फोन आतूनच करा, सामानाच्या पट्ट्याजवळ उभं राहून. आत उजेड असतो, पोलीस असतात, बाथरूम असतं, फोन चार्ज करायची सोय असते. एकदा दारातून बाहेर पडलात की परत आत सहजी येता येत नाही. म्हणून गाडी कुठं आहे हे पक्कं कळल्याशिवाय बाहेर पडायची घाई करू नका. कुणी हाकलत नाही.

फोनवर बोलायची चार वाक्यं मी खाली देते. हिंदी आपल्याला कळते, टीव्हीवर रोज ऐकतो, पण ऐन वेळी तोंडातून येत नाही. मोठ्यानं म्हणून बघा:

"भैया, हम टर्मिनल एक पे हैं। आप कौन से टर्मिनल पे हो?"
"गेट नंबर बताओ। खंभे का नंबर बताओ।"
"गाडी का नंबर मेसेज करो।"
"धीरे बोलो भैया, हम महाराष्ट्र से आए हैं।"

शेवटचं वाक्य लाजायचं नाही. एकदा म्हटलं की समोरचा सावकाश बोलतो, हा माझा अनुभव आहे. आणि तरी कळलं नाही तर शेजारी उभ्या असलेल्या गणवेशातल्या माणसाला फोन द्या, "जरा बात कीजिए," म्हणा.

बऱ्याच ठिकाणी गाड्यांना दारासमोर थांबू देत नाहीत. पार्किंगच्या इमारतीत किंवा ठरवून दिलेल्या जागी जावं लागतं. ड्रायव्हर तसं म्हणाला तर घाबरू नका, पाट्या बघत जा. पण "गाडी बाहर रोड पे है, थोडा पैदल आ जाओ," म्हणाला तर जायचं नाही. रात्री तर नाहीच.

गाडीजवळ गेलात की दोन गोष्टी जुळवा: पाठवलेला नंबर आणि समोरच्या गाडीचा नंबर. पाटीचा रंगही बघा. भाड्याच्या गाडीची पाटी पिवळी असते, त्यावर काळी अक्षरं. विजेवर चालणारी भाड्याची गाडी असेल तर हिरव्या पाटीवर पिवळी अक्षरं. पांढरी पाटी म्हणजे घरगुती गाडी, तिला भाडं मारायची परवानगी नाही. त्या रात्रीची गाडी पांढऱ्या पाटीची होती. तायांना रंग आठवत होता, अर्थ माहीत नव्हता.

तुमचं नाव ड्रायव्हरनं सांगायला हवं, तुम्ही नाही. "आप किसको लेने आए हो?" असं विचारा. "आपकी गाडी आ गई" कुणीही म्हणतं. ॲपची गाडी असेल तर चार आकडी ओटीपी असतो, तो नंबर जुळल्यावर आणि गाडीत बसल्यावरच सांगायचा. आणि आपली पिशवी आपल्या हातात ठेवा. पिशवी गेली की माणूस मागं जातो. तायांचं तेच झालं.

सगळ्या जणी मागं बसा, पुढं बसावंच लागलं तर फोन हातात असलेली बसेल. बसल्या बसल्या गाडीच्या नंबराचा फोटो आणि लाइव्ह लोकेशन गटाच्या व्हॉट्सॲपवर टाका. मग घरी किंवा माझ्याकडं फोन लावून ड्रायव्हरला ऐकू जाईल असं मराठीतच बोला: "हो, बसलो गाडीत, नंबर पाठवलाय, पाऊण तासात पोचतो." भाषा कळली नाही तरी कुणीतरी वाट बघतंय एवढं त्याला कळतं. काही वेडंवाकडं वाटलं तर ११२. मात्र प्रत्येक ड्रायव्हर चोर असतो असं मनात धरून बसू नका. बहुतेक जण आपल्यासारखेच पोटासाठी रात्र जागणारे असतात. आपल्या जिल्ह्यातले कितीतरी पोरं पुण्या-मुंबईत हीच गाडी चालवतात.

मुक्कामाचा पत्ता हिंदीत कागदावर लिहून ठेवा, जवळची खूण आणि तिथल्या माणसाचा फोन नंबर यांसकट. प्रगती मैदानाला थेट जायचं असेल तर गेट नंबर विचारून ठेवा. ते मैदान मोठं आहे, मथुरा रोडकडून आणि भैरों मार्गाकडून वेगवेगळी गेटं आहेत. चुकीच्या गेटवर उतरलात तर सामान घेऊन चांगलीच पायपीट होते.

उतरताना पावती. गाडी सोडण्याआधी. त्यावर तारीख, गाडीचा नंबर, कुठून कुठं, रक्कम आणि सही. छापील नसेल तर आपल्या वहीचा कागद फाडून लिहून घ्या आणि त्याच्या हातून सही घ्या. यूपीआयनं पैसे दिले असतील तर त्याचा स्क्रीनशॉटही जपा.

परतीच्या वेळीही हेच सगळं उलटं करायचं. फक्त टर्मिनल पुन्हा तिकिटावर बघा, कारण येतानाचं आणि जातानाचं वेगळं असू शकतं. आणि विमानाच्या दोन तास आधी पोचायचं या हिशोबानं गाडी बोलवा, दिल्लीच्या संध्याकाळच्या गर्दीला वेगळा वेळ धरून.

बैठकीत करून बघा

पुढच्या ग्रामसंघाच्या बैठकीत वीस मिनिटं यासाठी ठेवा. एक ताई ड्रायव्हर, एक प्रवासी, एक "गाडी आ गई" म्हणून पिशवी ओढणारी. पिंपळाखालच्या पारावर मी हे दोन गावांत करून बघितलं. हसून पुरेवाट झाली, पण पिशवी ओढणाऱ्या ताईनं तिसऱ्या वेळीसुद्धा पिशवी मिळवलीच. म्हणजे आपल्याला सराव हवा आहे. कुणाच्या तरी विमानाच्या तिकिटाची झेरॉक्स मिळवा आणि प्रत्येकीला त्यात विमानाचा नंबर, उतरण्याची वेळ आणि टर्मिनल शोधायला लावा. वाचता न येणाऱ्या ताईलाही आकडे ओळखता येतात. तिनं शोधावं.

आता राहिलेली गोष्ट. दुसऱ्या बैठकीत मी सांगितलं की टर्मिनल मी चुकीचं दिलं होतं, तर २,८०० मधले निम्मे मी माझ्या मानधनातून देते. त्या तायांमधल्या मोठ्या काकू म्हणाल्या, "तू लेकरू आहेस, तुझे नको." मी पैसे पुढं केले, त्यांनी मागं सारले, असं बराच वेळ चाललं. मग लेखापाल ताईंनीच तोड काढली. ठरलेलं भाडं १,२०० होतं, त्याचा व्हॉट्सॲप मेसेज माझ्या फोनवर होता. तेवढी रक्कम त्या पुराव्यावर आणि बैठकीच्या ठरावानं मंजूर झाली. उरलेले १,६०० मी दिले, आणि या वेळी काकूंनी घेतले, कारण मी त्यांना सांगितलं की नाही घेतले तर मला पुढच्या वेळी तुमची गाडी ठरवायचा धीर होणार नाही. बुडालेले ३०० आगाऊही माझ्याकडंच.

त्याच बैठकीत असा ठराव झाला की यापुढं बाहेरगावच्या प्रवासाची गाडी ठरवली की तिकीट आणि गाडीचा मेसेज दोन जणींनी शेजारी शेजारी ठेवून वाचायचा, एक मी आणि एक जाणारी ताई. आणि प्रवासाच्या रात्री माझा फोन सायलेंटवर नसेल. हे शेवटचं ठरावात नाही, पण काकूंनी ते मला तीनदा म्हणायला लावलं.

गाडीच्या मेसेजचा नमुना आणि चार हिंदी वाक्यं मोठ्या अक्षरात लिहून प्रभागसंघाच्या कार्यालयात फळ्याशेजारी लावली आहेत. यंदाच्या नोव्हेंबरसाठी ज्यांची नावं गेली आहेत त्यांनी येऊन उतरवून घ्या, येताना फोनचा चार्जरही दाखवायला आणा. मागच्या वेळी एकीकडे होता तो दुसरीच्या फोनला लागत नव्हता.